काळे आणि काये

आपल्या नियतकालिकांत कवितासंग्रहांची परीक्षणे येतात, आत्मकथनांवर चर्चा झडते, परिसंवादांतले निबंध छापले जातात. गाण्यावर मात्र फार थोडे लिहिले जाते, आणि जे लिहिले जाते ते गाण्याच्या शब्दांवर. गळा, चाल, पट्टी, वाद्य यांचा विचार करणे हे जणू आपले कामच नव्हे. ज्या चळवळीने आपला विचार निरक्षर माणसापर्यंत पुस्तकाच्या आधी गाण्यातून पोचवला, तिच्या समीक्षेची ही गत आहे. मी याच समीक्षेत वाढलो, तीच वर्गात शिकवतो. म्हणून पुढे जे लिहिले आहे त्यात माझ्याविरुद्धची तक्रारही आहे, हे आधीच सांगतो.

माझ्यासमोर अकरा गाणी आहेत. कोणत्या कंपनीने ती काढलेली नाहीत. अकोल्यातल्या एका वस्तीत, पत्र्याच्या खोलीत, एका तरुणाने स्वतः गिटार वाजवीत ती मोबाइलवर नोंदली आहेत. हा मुलगा चार-पाच वर्षांपूर्वी अमरावतीला माझ्या वर्गात होता. आता तो मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात काम करतो. दसऱ्यानंतर अकोल्यात जो धम्ममेळावा भरतो, तिथे पुस्तकांच्या दुकानांजवळ तो भेटला. म्हणाला, “सर, घरीच गाने केले हायेत. आइकून सांगा कसे वाटते त.” आणि तिथेच उभ्या उभ्या त्याने ती माझ्या फोनवर पाठवून दिली. नाव छापू नका, असे त्याचे म्हणणे आहे. ते मी पाळतो.

परतताना मूर्तिजापूर मागे पडून बडनेरा येईपर्यंत मी ती ऐकली. पहिल्या ऐकण्यात काय वाटले? खरे सांगायचे तर निराशा झाली. आवाज खाली, जवळजवळ पुटपुटल्यासारखा. ढोलकी नाही, कोरस नाही, ललकारी नाही. लहानपणापासून माझ्या कानाला भीमगीत म्हणजे भोंग्यातून येणारे, अंगावर येणारे गाणे. त्या मापाने हे गाणे मला आजारी वाटले. एक गाणे त्यातल्या त्यात आवडले. त्याचे धृपद असे आहे:

जिनातून येते माय, केस घेऊन पांढरे,
धुतले त काये निंगते, पाठ मात्र ना सुधरे.

वऱ्हाडाबाहेरच्या वाचकासाठी सांगतो. जिन म्हणजे सरकी काढण्याचा कारखाना. हंगामात कपाशी रेच्यात टाकण्याचे काम बायका करतात. दिवसभर हवेत उडणारी रुई केसांत बसते आणि तिशीतली बाई संध्याकाळी म्हातारी होऊन घरी येते. रुई धुतली जाते. वाकलेली पाठ तशीच राहते. दोन ओळींत एवढे सांगून मुलगा मोकळा होतो. शोषण, भांडवल, व्यवस्था असला एकही शब्द त्यात नाही. मी मात्र मास्तर. रात्री मी त्याला दोन सूचना कळवल्या. एक, आवाज चढा लाव, हे काय बंद खोलीतले गाणे आहे? दुसरी, ‘काये’ नको, ‘काळे’ म्हण, उच्चार शुद्ध असला तर गाणे वऱ्हाडाबाहेर जाईल.

आठ दिवसांनी त्याने ते गाणे पुन्हा नोंदून पाठवले. आवाज चढा होता. ‘काळे’ होते. आणि गाणे मेले होते.

का मेले, याचा शोध घेणे हा या लेखाचा विषय आहे.

आधी आवाजाचे पाहू. शाहिराची पट्टी उंच असते, काळी चार, काळी पाच. हे हौसेने झालेले नाही. उघडे मैदान, समोर हजार-दोन हजार माणसे, ध्वनिक्षेपक असला तर असला. शेवटच्या रांगेतल्या म्हातारीपर्यंत शब्द पोचायचा तर गळा वर न्यावाच लागतो. आमच्या अमरावतीत १९२७ साली अंबादेवीच्या मंदिरप्रवेशाचा लढा उभा राहिला. त्या नोव्हेंबरात इंद्रभुवन थिएटरात बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली परिषद भरली. ज्यांना देवळाच्या दाराबाहेर उभे राहून बोलायचे होते, त्यांना हळू बोलणे परवडणारे नव्हते. जलशांचा चढा सूर हा त्या दाराबाहेर उभे राहण्यातून आलेला आहे. तो आपला मोठा वारसा आहे, त्याबद्दल वाद नाही. विठ्ठल उमपांसारखा शाहीर २०१० साली नागपुरात गाता गाता मंचावरच गेला, यापेक्षा त्या परंपरेची मोठी साक्ष कोणती?

पण मंचावरचा आवाज हाच आपला एकमेव आवाज, हे आपण कधी ठरवून टाकले? हळू गायला खोली लागते. सात माणसे एका खोपटात झोपत होती तेव्हा पुरुषाला स्वतःशी गाण्याची जागा नव्हती. बाईला होती. पहाटे जात्यावर. जात्यावरची ओवी कोणाला ऐकवण्यासाठी नसते. ती दळणाऱ्या हाताच्या गतीने, कुशीतले लेकरू उठू नये एवढ्याच आवाजात चालते. हेमा राईरकर आणि गी प्वातव्हाँ यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यांतून जमवलेल्या ओव्यांची संख्या एक लाखाच्या वर जाते, आणि त्यांत बाबासाहेबांवरच्या ओव्याही आहेत. म्हणजे भीमगीताचा एक प्रवाह मैदानातून वाहत होता तेव्हा दुसरा घरात, हळू आवाजात, बायकांच्या तोंडून चालू होता. आपण पहिल्याला चळवळ म्हटले. दुसऱ्याला लोकसाहित्य म्हणून विद्यापीठाच्या कपाटात ठेवले. या मुलाची गाणी मंचाची नाहीत, जात्याची आहेत. एवढे साधे ओळखायला मला दोन महिने लागले.

त्याच्या नोंदणीची रीत त्याने मला नंतर खोलीवर नेऊन दाखवली. रात्री अकरानंतर, शेजारचे दूरदर्शन संच बंद झाले की तो बसतो. पत्र्याच्या भिंतीवरून आवाज परत फिरतो, म्हणून तीन गोधड्या दोरीवर टांगलेल्या. पंखा बंद. फोन उशीवर ठेवलेला. आधी गिटार नोंदायची, मग ती शेजारी वाजत ठेवून दुसऱ्या फोनवर गायचे. मोबाइल दुरुस्तीचा धंदा असल्याने यंत्राचा स्वभाव त्याला ठाऊक आहे. पुष्कळ फोनांत आवाजाची पातळी आपोआप राखण्याची योजना असते. जोराने गायले की यंत्र स्वतःच सगळे खाली दाबते, गाणारा थांबला की सगळे वर उचलते. माझ्या सांगण्यावरून तो चढा गायला तेव्हा नेमके हेच झाले. गळा मोठा झाला आणि गिटार बुडाली. पहिल्या नोंदणीत मात्र दोन ओळींच्या मधल्या शांततेत खोली ऐकू येते. भांड्याचा आवाज, दूर गाडीची शिट्टी, कोणाची तरी कूस बदलणे. ते पाठीचे गाणे आहे आणि त्यात कोणीतरी कूस बदलते, हे योजून करता येत नाही.

दुसरी गंमत गिटारीची. फोनची यंत्रणा बोलणाऱ्या माणसाचा आवाज पकडण्यासाठी बनवलेली. जो सूर सतत एकसारखा चालतो तो तिला पुष्कळदा सूर वाटतच नाही, पंख्याची घरघर वाटते, आणि ती तो पुसून टाकते. गिटारीचे लांबत जाणारे झंकार असे पुसले जाऊ लागले तेव्हा या मुलाने तारा अंगठ्याने तोडून, आखूड वाजवायला सुरुवात केली. ऐकताना तुणतुण्याची आठवण होते. त्याने तुणतुणे कधी हातात धरलेले नाही. यंत्राच्या अडचणीतून तो शाहिरी वाद्याच्या चालीवर जाऊन पोचला, हे मला त्याच्या गाण्यातले सर्वांत अस्सल काम वाटते.

गिटार हे आपले वाद्य नव्हे, असे एका कार्यकर्त्या मित्राचे म्हणणे पडले. मग पेटी आपली होती का? ती युरोपातून आली. मुंबईच्या ‘धम्म विंग्स’ने बुद्ध-भीमगीतांना गिटार लावली, चेन्नईत २०१७ साली उभ्या राहिलेल्या ‘कास्टलेस कलेक्टिव्ह’ने गानाच्या शेजारी ती उभी केली. वाद्याला जात चिकटवण्याचे काम आपण तरी करू नये. चालींबद्दलही तसेच. या मुलाच्या दोन चाली सिनेमातून उचललेल्या आहेत हे लगेच कळते. पण वामनदादा कर्डकांनी १९४३ साली रचलेले पहिले गीत हिंदी सिनेगीताच्या चालीवरचे विडंबन होते, असे त्यांच्या चरित्रातून आपण वाचत आलो आहोत. चाल कुठून आली यापेक्षा ती कुठे नेली हे विचारावे.

आता ‘ळ’कडे वळतो. इथे मला जास्त वेळ लागेल.

वऱ्हाडात ‘ळ’चा ‘य’ होतो. डोळा डोया, शाळा शाया, काळजी कायजी. माझ्या आईच्या तोंडी आजही ‘ळ’ नाही. माझ्या तोंडी होता तो चौथीत पट्टीच्या माराने गेला, म्हणजे ‘य’ गेला आणि ‘ळ’ आला. मास्तर वाईट नव्हते, आमच्यातलेच होते. ‘शाया’ म्हणणारा पोरगा शहरात हसण्यावारी नेला जाईल, याची त्यांना धास्ती होती. मी पदवीधर झालो, घराण्यातला पहिला, प्राध्यापक झालो, आणि ती धास्ती माझ्या जिभेत राहून गेली. वर्गात मी नामदेव ढसाळांचा ‘गोलपिठा’ शिकवतो. १९७२ साली या संग्रहाने प्रमाण मराठीच्या सोवळ्याला कसा हात घातला, हे मोठ्या आवेशाने सांगतो. मुलांकडून टिपणे लिहवून घेतो. आणि त्याच वर्गातून गेलेल्या मुलाने ‘काये’ म्हटले तर मी सांगतो, ‘काळे’ म्हण. कामाठीपुऱ्याची बोली छापील पुस्तकात असली की विद्रोह. अकोल्याच्या जिनातली बोली फोनमध्ये असली की अशुद्ध!

यात केवळ न्यायाचा प्रश्न नाही, कानाचाही आहे. ‘काळे’मध्ये जीभ टाळूकडे वळते आणि ओळ तिथे क्षणभर अडते. ‘काये’ तोंड उघडे ठेवून वाहते. ‘धुतले त काये निंगते’ या ओळीत पाणी आहे. ‘काळे’ म्हटले की पाणी थांबते. शिवाय ‘निंगते’ वऱ्हाडी आणि ‘काळे’ पुस्तकी, म्हणजे एकाच ओळीत दोन माणसे बोलू लागतात. पहिल्या नोंदणीत माय घरी आली होती. दुसऱ्या नोंदणीत मायवर निबंध लिहिणारा मुलगा आला.

गाडगेबाबा आमच्या अमरावती जिल्ह्यातले, शेंडगावचे. बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर दोनच आठवड्यांनी, २० डिसेंबर १९५६ रोजी तेही गेले. त्याच वर्षी नोव्हेंबरात मुंबईत वांद्र्याला झालेले त्यांचे कीर्तन ध्वनिफितीवर उतरले आहे. बाबांची वचने पुस्तकांतून पुष्कळ वाचायला मिळतात. ती वाचून ज्याला बाबा कळले असे वाटते, त्याने एकदा ती फीत ऐकावी. प्रश्न विचारणे, उत्तराची वाट पाहणे, लोकांनी दिलेले उत्तर पुन्हा त्यांच्याच अंगावर टाकणे, यातले कागदावर किती उतरते? भाषा सरळ करून छापली की बाबांचा विचार उरतो, बाबा जातात. फितीवर बाबा आहेत. ध्वनिमुद्रणाचे मोल मला इथे दिसते. आपण लिहिताना जे सुधारतो ते यंत्र सुधारत नाही. मी मात्र ध्वनिमुद्रणही सुधारायला गेलो.

असो. या मुलाच्या गाण्यांना डोक्यावर घ्यावे, असे माझे म्हणणे नाही. अकरांपैकी चार गाणी बाबासाहेबांवर आहेत आणि ती चारही सर्वांत कच्ची आहेत. सूर्य, प्रकाश, काळोख, क्रांती हे जयंतीच्या फलकावरून उतरलेले शब्द. मायच्या केसातली रुई पाहणारी नजर इथे कुठे गेली? त्याला विचारले तर म्हणाला, “बाबासाहेबाईवर आपन काय नवीन म्हननार सर?” हे उत्तर नम्रतेचे वाटते, पण त्यात धोका आहे. ज्या माणसाबद्दल आपल्याला नवे काही म्हणायचे नाही, त्याला आपण देव्हाऱ्यात बसवलेला असतो. औरंगाबादच्या, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या कडूबाई खरात एकतारीवर गातात. त्यांचा आवाज महाराष्ट्रभर गेला तो लोकांनी मोबाइलवर टिपलेल्या साध्या चित्रफितींमधून. त्यांच्या गाण्यात बाबासाहेब येतात ते भाकरीजवळ, लेकराबाळांजवळ, घरातल्या माणसासारखे. या मुलाने त्यांच्याकडून एकतारी नव्हे, ही जवळीक घ्यावी.

दुसरा दोष स्वरजोड्यांचा. तेच चार स्वरसमूह अकराही गाण्यांत फिरतात. ‘एफ’ दाबायला बोट पुरत नाही म्हणून तो अर्धाच लावतो, हेही ऐकू येते. ते शिकून येईल. तिसरी उणीव मोठी आहे. या गाण्यांना झील नाही. जलशात शाहीर एकटा नसतो, मागचे झीलकरी धृपद उचलतात आणि ‘मी’चे ‘आम्ही’ तिथे होते. या मुलाने एका गाण्यात आपलाच आवाज तीनदा नोंदून कोरस केला आहे. तो ऐकून मला वाईट वाटले. एकाच माणसाने स्वतःला हो म्हटल्यासारखे ते वाटते.

आणि एक व्यवहाराची गोष्ट. वामनदादा गीताच्या शेवटच्या कडव्यात ‘वामन’ हे नाव गुंफीत. गावोगाव लोकांनी ती गाणी गायली, वह्यांत उतरवली, कॅसेटवर भरली. कॅसेटवरची चिठ्ठी गळून पडली तरी नाव गाण्यातच राहिले. ‘वाटचाल’ १९७३ साली आणि ‘मोहोळ’ १९७६ साली पुस्तकरूपाने आले खरे, पण कितीतरी रचनांना त्या शेवटच्या कडव्यानेच वाचवले. या मुलाच्या गाण्यांत नाव नाही, तारीख नाही. एका फोनवरून दुसऱ्या फोनवर गेले की ते गाणे कोणाचेही. विलास घोगऱ्यांचे उदाहरण समोर आहे. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात पोलिसांच्या गोळीबारात दहा माणसे मेली. चार दिवसांनी या शाहिराने आपले जीवन संपवले. आनंद पटवर्धनांच्या १९८५ सालच्या ‘हमारा शहर’ या चित्रपटात त्यांचे गाणे आलेले होते, आणि पुढे ‘जय भीम कॉम्रेड’ उभा राहिला, म्हणून आपण आज तो गळा ऐकू शकतो. दर शाहिराच्या वाट्याला कॅमेरा घेऊन कोणी येत नाही.

हे मी का सांगतो, त्यालाही कारण आहे. आमच्या गावात वडिलांचे गायनमंडळ होते. पेटी, ढोलकी, बेंजो, खंजिरी. एका बुद्धपौर्णिमेच्या रात्री त्यांचे गाणे कोणीतरी टेपरेकॉर्डरवर साठ मिनिटांच्या कॅसेटमध्ये भरून दिले. त्यावर चुकून दुसरे काही भरले जाऊ नये म्हणून वडिलांनी कॅसेटच्या मागच्या दोन्ही खिट्या मोडून ठेवल्या होत्या. मी बारावीत होतो. खिटीच्या जागी कागदाचा बोळा खुपसला की कॅसेट पुन्हा भरता येते, हे मला एका मित्राने शिकवले. रेडिओवरची सिनेमाची गाणी मी दोन्ही बाजूंवर भरली. वडिलांना कळले तेव्हा ते काही बोलले नाहीत. ते जाऊन आता बारा-तेरा वर्षे झाली. त्यांच्या आवाजाची दुसरी नोंद नाही. शेवटच्या गाण्यानंतर फितीचा थोडा भाग उरला होता, तिथे सात-आठ सेकंद ढोलकी ऐकू येते आणि कोणीतरी खोकते. ते खोकणे वडिलांचे आहे, असे आई म्हणते.

मुलाकडे पहिली नोंदणी शिल्लक नव्हती. माझी सूचना आल्यावर त्याने नवे गाणे करताना जुने पुसून टाकले होते. फोनमध्ये जागा नव्हती आणि सरांनी ते चूक ठरवले होते. सुदैवाने त्याने पाठवलेली प्रत माझ्याकडे होती. ती मी त्याला परत पाठवली, आणि माझे चुकले, असे स्पष्ट कळवले. सोबत एवढेच लिहिले की गाण्याच्या आधी तुझे नाव, गाव आणि तारीख तोंडाने बोल.

परवा त्याने तेच गाणे तिसऱ्यांदा नोंदून पाठवले. सुरुवातीला नाव, वस्ती आणि तारीख आहे. आवाज पुन्हा खाली आला आहे. धृपदाला या वेळी मागून दुसरा गळा येतो, बाईचा. ‘काये’ हा शब्द मुलगा सोडून देतो आणि तो तीच म्हणते. विचारले तेव्हा कळले, माय आहे. हंगाम संपला, जिन बंद आहे, म्हणून रात्री जागता आले. ती अर्धी मात्रा उशिरा येते, आणि दुसऱ्या वेळी तर हसतेच. पंखा बंद करायचा राहिला आहे.